मामाने भरलेल्या चार ओळी

माझा मामा पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’च्या. आता मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या, त्यामुळे त्याचं निम्मं काम गेलं आणि घमेंड दुप्पट झाली. “ते छापतात, मी लिहितो,” हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की हल्ली मामीच त्याच्या आधी म्हणून मोकळी होते.

अक्षर देखणं आहे, त्यात वाद नाही. खोड एकच. आपण काय लिहितोय ते हा माणूस वाचत नाही. त्याला नुसते आकार दिसतात. अमक्या अक्षराचं पोट सुटलंय, तमकी ओळ उजवीकडे कलतेय, वर गर्दी आणि खाली ओसाड. मजकूर ही गिऱ्हाइकाची जबाबदारी आणि तोल ही त्याची. एका बंगल्याला त्याने ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लिहून दिली. त्या घरात कुत्रं नव्हतं, कधीच नव्हतं. पण अक्षरात असा काही दरारा होता की पोस्टमन तीन वर्षं फाटकाबाहेरूनच हाका मारत होता. मामा हे मोठ्या कौतुकाने सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. मी तर सगळ्यात जास्त.

मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते. अठरा वर्षं झाली. माणसं डॉक्टरवर किती कमी विश्वास ठेवतात आणि शेजाऱ्यावर किती जास्त, याचा माझा अभ्यास दांडगा आहे. पण शेजाऱ्याहूनही जास्त विश्वास पाटीवर ठेवतात, हे मला घरच्याच माणसाने शिकवलं.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून सार्वजनिक बाग आहे. फाटकाशी कडुनिंबाचं जुनं झाड. बाग समितीच्या सेक्रेटरींना एक दिवस वाटलं, झाडाचे उपयोग सांगणारी पाटी हवी. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी त्यांची छडी काही सुटलेली नाही. त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडून मजकूर मागवला आणि बाईंनी सात ओळी लिहून दिल्या. पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ केली तर खाज कमी होते. कोवळ्या काडीने दात घासले तर हिरड्या नीट राहतात. पाल्याचा लेप फोडांवर, पुटकुळ्यांवर लावावा. बियांचं तेल डोक्यातल्या उवांवर. वाळलेला पाला धान्यात घातला तर कीड लागत नाही. पाल्याचा धूर केला तर डास पळतात. आणि सातवी ओळ, या झाडाची सावली गार असते. सगळं खरं, सगळं आपापल्या मापाचं. खाली बाईंनी कंसात लिहिलं होतं, ‘आजारी व्यक्तीने डॉक्टरांना विचारावे.’

घोटाळा झाला पत्र्यामुळे. एका हॉटेलवाल्याने ऐन वेळी नको म्हटलेला आठ फुटी पत्रा मामाकडे पडून होता, पांढरा रंग मारून तयार. त्यावर मामाने दोरी लावून खडूने ओळी आखल्या आणि त्याच्या लक्षात आलं की सात ओळींनंतर खाली तीन फूट जागा मोकळी राहते. अक्षर मोठं करावं तर लांब ओळी पत्र्याबाहेर चालल्या होत्या. कंसातली ओळ होती खरी, पण मामाला कंस आवडत नाहीत. पाटीवर कंस म्हणजे चांगल्या घरात पाहुण्याने चपला घालून शिरणं, असं तो म्हणतो. म्हणून ती ओळ त्याने आधीच गाळली होती. आणि मोकळी जागा? छे! मोकळी जागा ठेवून पाटी देणं म्हणजे त्याच्या लेखी सदऱ्याला एकच बाही लावून देण्यासारखं.

बाई सहा महिन्यांसाठी परगावी गेल्या होत्या. मामाने सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, “अहो पेंटर, रविवारी उद्घाटन आहे. भरा काहीतरी. चाळीस वर्षं पाट्या करताय, आता मी शिकवायचं का?”

मामाने भरलं. कसं भरलं ते त्याने मला पुढे स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. शिड्या चढून त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून ‘गुडघेदुखी थांबते’. सेक्रेटरींना दमा, म्हणून ‘दमा आटोक्यात येतो’. सकाळीच मामीशी वाजलं होतं, म्हणून ‘मनाला शांती मिळते’. उरली एक ओळ. ती त्याने माझ्या आईसाठी लिहिली. आईला अकरा वर्षं साखर आहे. आई म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि जगात तो घाबरतो ते फक्त तिला आणि जीव टाकतो तोही तिच्यावरच. ‘मधुमेह जातो’, एवढंच लिहायचं होतं. पण ओळ आखूड पडली. दोन्ही बाजूंना हातभर जागा. मग त्याने ‘समूळ’ घातलं. तरी जागा उरली. मग अक्षरं दुप्पट केली. आणि डब्यात लाल रंग सुकत चालला होता, तो वाया कशाला घालवा, म्हणून लाल.

रविवारी पाटी लागली. बाईंच्या सात ओळी काळ्या, बोटभर अक्षरांत, आणि तळाशी लालभडक, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं: ‘मधुमेह समूळ जातो.’

झालं! खाज आणि उवा कोण वाचतो? सकाळी फिरायला येणारी माणसं त्या लाल ओळीसमोर थबकायला लागली. आठ दिवसांत हाताच्या उंचीपर्यंत झाडाला पान राहिलं नाही. पंधराव्या दिवशी लोक घरून स्टुलं आणायला लागले. कुणी रस काढून आणत होतं, कुणी पाला वाटून गोळे करत होतं, आणि एक निवृत्त इंजिनियर तर झाडाखाली उभं राहून नुसता खोल श्वास घेत होते, म्हणे पाल्यातला गुण नाकातून थेट जातो. आमच्या दुकानात साखरेच्या गोळ्यांचे खोके जागच्या जागी. मालक मला म्हणाले, “तुमच्या मामांना सांगा, पुढच्या पाटीत आपलंही नाव टाका.”

झाड कडुनिंबाचं, पण लोकांनी मामाला चढवलं ते हरभऱ्याच्या. सेक्रेटरींनी त्याला झाडाखाली खुर्ची दिली. “ज्याने लिहिलं त्याला ठाऊक असणारच,” असं समजून लोक त्यालाच विचारायला लागले. किती पानं खायची? मामा म्हणाला, एकवीस. मी नंतर विचारलं, एकवीस का रे बाबा? तर म्हणाला, “वीस म्हटलं की अंदाजे वाटतं.” उपाशीपोटी की जेवून? उपाशीपोटी. कोवळी की जून? कोवळी, तांबूस. चाळीस वर्षं शिडीवर पाठमोरा उभा राहिलेला माणूस, पहिल्यांदाच लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने रोज दाढी करायला सुरुवात केली. मामी म्हणाली, लग्नातही इतका नटला नव्हता.

मी गप्प बसले. इथे माझं चुकलं. मला वाटलं, कडू पानं खाऊन कुणाचं काय बिघडतंय, चार दिवसांनी कंटाळतील.

मग एक दिवस दुकानात आमचे नेहमीचे बँकवाले काका आले. दर महिन्याला माझ्याकडून गोळ्या नेतात. या वेळी फक्त खोकल्याचं औषध मागितलं. मी म्हटलं, “आणि साखरेच्या?”

“सोडल्या! तुमच्या आईंचीच गोळी सुटली म्हटल्यावर आम्ही कशाला खायच्या? पेंटरसाहेबांनी पंधरा जणांत सांगितलं, ताईची गोळी सुटली म्हणून.”

आईच्या गोळ्या मीच आणते आणि तिच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवते. मालकांना सांगून मी तशीच घरी गेले. आई मशीनवर बसून पडद्यांना टीप घालत होती. मी खण उघडला. महिनाभराच्या पट्ट्या, एकही गोळी फोडलेली नाही, वर बॉबिनं नीट रचून ठेवलेली.

“आई, हे काय?”

“गोळ्या,” आई म्हणाली आणि टीप घालत राहिली.

“खाल्ल्या का नाहीस?”

“पाला खाते की. एकवीस पानं.”

“अगं, तुला वेड लागलंय का? मी दिवसभर लोकांना ओरडून सांगते गोळी चुकवू नका, आणि माझी आई पाला चघळतेय?”

“पाटीवर लिहिलंय,” ती म्हणाली. “माझ्या भावाचं अक्षर आहे.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच बागेत गेले. मामा खुर्चीत बसून दोन बायकांना पानांचे देठ काढायचे की ठेवायचे ते सांगत होता. मी त्याला बाजूला ओढलं आणि विचारलं, ती लाल ओळ बाईंनी दिली होती का? आधी इकडचं तिकडचं बोलला. मग गाडी खाली पत्र्यावर आली, मोकळ्या जागेवर आली, सुकत चाललेल्या रंगावर आली.

“जागा भरायला?” मी म्हटलं. “मामा, जागा भरायला?”

“मला वाटलं तिला बरं वाटेल,” तो म्हणाला. “मला काय माहीत ती खरंच गोळी सोडेल! तिला मी सांगतो. आत्ता सांगतो.”

सांगायला आला, हे कबूल करते. आईसमोर पाटावर बसला, बहिणीसमोर तो कधी खुर्चीवर बसत नाही, आणि सगळं सांगितलं. आईने मशीन थांबवलं. तिला राग आला नाही, नवलही वाटलं नाही. एवढंच म्हणाली, “बाळ्या, मला एकटीला काय सांगतोस? बागेत सांग.”

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. “सांगतो ना. बघतो. सेक्रेटरींशी बोलून घेतो.”

“मग तू बागेत सांगशील त्या दिवसापासून मी गोळी घेते,” आई म्हणाली आणि पुन्हा मशीनवर पाय मारायला लागली.

मी रागावले, रडले, गोळी पाण्याबरोबर तिच्या हातात दिली. ती म्हणायची, ठेव, घेते. आणि खणात टाकायची.

मामाने सांगितलं का? नाव नको! तो रोज सांगायला जायचा आणि खुर्चीत बसून यायचा. “आज फार गर्दी होती.” “आज सेक्रेटरींची तब्येत बरी नव्हती.” सेक्रेटरींची तब्येत बरी नव्हती कारण त्यांनीही दम्याचा पंप सोडून पाला धरला होता. शेवटी मामाने एक शक्कल काढली. दुपारी बाग रिकामी असताना तो पांढरा रंग घेऊन गेला आणि ती लाल ओळ पुसली. फिरायला येणाऱ्यांनी संध्याकाळी विचारलं तेव्हा म्हणाला, “रंग उडाला होता. नवीन लिहायचीय.” म्हणजे खोटं पुसलं ते आणखी एक खोटं बोलून! दुसऱ्या दिवशी कुणीतरी कोळशाने त्या पांढऱ्या पट्ट्यावर तीच ओळ परत लिहिली, वाकड्यातिकड्या अक्षरात. मामा आमच्या घरी आला तो कपाळाला हात लावून. मला वाटलं, आता तरी याला कळलं. तर म्हणतो कसा, “काय ते अक्षर! शेवटचं अक्षर पत्र्याबाहेर गेलंय.” मी त्याला घराबाहेर काढलं. खरंच काढलं, दाराला कडी घातली.

त्याच आठवड्यात मला आईच्या उजव्या पायात मोजा दिसला. घरात, उकाड्यात, एकाच पायात मोजा. “गार वाटतं,” म्हणाली. मी तो ओढून काढला. करंगळी काळी पडली होती आणि शेजारचं बोट सुजून टम्म. शिवताना टाचणी पडली होती खाली, ती पायात घुसली होती, आणि साखरेने पाय इतके बधिर झालेले की तिला तीन दिवस पत्ताच नव्हता. कळल्यावर तिने काय केलं असेल? कडुनिंबाचा लेप लावला. पाटीवर तिसरी ओळ, फोडांवर लेप. ती ओळ खरी होती हो, पण पुटकुळीसाठी खरी होती.

हॉस्पिटलात साखर निघाली चारशे वीस. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि मला बाहेर बोलावलं. “तुम्ही औषधांच्या दुकानात काम करता ना?” एवढंच विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन बोटं काढावी लागतील, म्हणाल्या, आणि साखर अशीच राहिली तर पुढे पाय.

दोन बोटं काढली. मामा ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा होता, रंगाचे डाग पडलेले हात मागे बांधून. मी त्याच्याशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी वॉर्डात गेले. आठ खाटांचा वॉर्ड, खिडकीशी आई. मामा स्टुलावर बसून तिला मोसंबं सोलून देत होता. मी चादर नीट करायला उशी उचलली आणि उशीखाली कागदाच्या पुड्या. एक, दोन, तीन, चार. चार दिवसांच्या गोळ्या. नर्स देऊन पाठ फिरवते आणि ही उशीखाली सारते. इंजेक्शन चुकवता येत नव्हतं म्हणून तेवढं घेत होती.

माझा तोलच गेला. “दोन बोटं गेली तुझी! आता काय, पाय द्यायचाय? त्या पाटीसाठी? अगं, ह्याने स्वतः तुला सांगितलं की ओळ खोटी आहे, समोर बसून सांगितलं, आणि तरी तू…”

“ओरडू नकोस,” आई म्हणाली. “ओळ खोटी आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाल्याने साखर जाते का कुठे? अकरा वर्षं आजार काढलाय मी, मला कळत नाही?”

“मग गोळी का सोडलीस?”

आईने मामाकडे बघितलं. “मी फाटकाबाहेर भाजी घेत होते. हा खुर्चीत बसून पंधरा माणसांना सांगत होता, ताईची गोळी सुटली म्हणून. तेव्हा मी रोज दोन्ही वेळ गोळी खात होते. त्या दिवशी सकाळीसुद्धा खाल्ली होती. त्यातल्या चार बायका माझ्याकडे कपडे शिवायला टाकतात. येता-जाता खणात बघतात. उद्या कुणी म्हणालं असतं, पेंटरची सख्खी बहीणच गोळ्या गिळते, हा थापाड्या आहे. उभ्या जन्मात पहिल्यांदा लोक ह्याला विचारायला लागले होते. मग सोडली. ह्याला खोटं कोण पाडणार? मी?”

मला वाटत होतं, आईने गोळी सोडली आणि मामाने ते जाऊन सांगितलं. उलट होतं. आधी ह्याने सांगितलं आणि मग तिने सोडली.

मामाच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. रडेल असं वाटलं, पण रडला नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी हे सगळं कान टवकारून ऐकत होत्या. त्यांना धाप लागायची, उशांना टेकून बसूनच असायच्या. त्यांनी हळूच विचारलं, “अहो, तुम्हीच का ते पाटीवाले? साखरेचं राहू द्या. पण दम्याला तरी चालतो ना पाला? माझा मुलगा आज घेऊन येणार आहे.”

मामा स्टुलावरून उठला. गुडघा कडकन वाजला.

“नाही आजी,” तो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की दारातली नर्स वळली. “दम्याचं खोटं आहे. गुडघ्याचं खोटं आहे. साखरेचं खोटं आहे. पत्र्यावर जागा उरली होती, म्हणून मी मनाने लिहिलं. मला औषधातलं काही कळत नाही. माझ्या बहिणीची गोळी सुटली नव्हती, तेही मी खोटं सांगितलं. उद्या सकाळी बागेत सांगणार आहे, सगळ्यांसमोर.”

आठही खाटांवरच्या माणसांनी त्याच्याकडे बघितलं. आजींनी विचारलं, “आणि ते मनाला शांती मिळते ते?”

“तेही,” मामा म्हणाला.

आजी नाराज झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मामा तसाच उभा होता, कुठे बघावं ते न कळून. आईने चादरीतून हात बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

“आण,” ती म्हणाली. “दुपारची कुठली ती दे. आणि पाणी जास्त दे, घशात अडकते.”